कातळ उभा, कोठार रिकामं: देवगिरीचा 1633चा वेढा

जून 1633 मध्ये दौलताबाद, म्हणजे जुन्या देवगिरी, किल्ल्याच्या किल्ल्या मोगल सुभेदार महाबतखानाच्या हाती आल्या. त्या कुणी हिसकावल्या नव्हत्या. किल्ला ताब्यात असलेल्या फतहखानानेच, म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या मुलाने, त्या बाहेर पाठवून दिल्या. बाहेरचे दोन कोट तोवर सुरुंगाने फुटले होते. पण ज्या कातळासाठी हा किल्ला प्रसिद्ध आहे, तो बालेकिल्ला जसाच्या तसा होता. खंदकावरून पलीकडे कुणी गेलं नव्हतं, अंधारीत, म्हणजे वर नेणाऱ्या काळोख्या जिन्यात, शत्रूचा एकही शिपाई शिरला नव्हता.

हा किल्ला मी पहिल्यांदा शाळेच्या सहलीत पाहिला आणि नंतर बरेचदा. दर वेळी वाटाड्या तीच वाक्यं म्हणतो: इथे हत्ती अडकायचा, इथे उकळतं तेल पडायचं, इथे शत्रू अंधारात एकमेकांनाच कापायचा. ऐकताना अंगावर काटा येतो. पण एक प्रश्न दर वेळी सोबत घेऊन मी खाली उतरतो. इतकं सगळं होतं, तर हा किल्ला इतक्यांदा हातातून गेला कसा? आणि जाताना बहुतेक वेळा बालेकिल्ल्याला खरचटलंही नाही, ते का? 1633च्या वेढ्याचं प्रकरण उलगडून पाहिलं की त्याचं उत्तर सापडतं, म्हणून तेच इथे सविस्तर मांडतो.

आधी किल्ला कसा आहे ते

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवर साधारण 15 किलोमीटरवर, सपाट मुलखात एकटाच उभा असलेला सुमारे 200 मीटर उंचीचा शंकूसारखा डोंगर. यादव राजा पाचव्या भिल्लमाने 12व्या शतकाच्या शेवटी इथे राजधानी आणली. डोंगराच्या खालच्या उतारांना छिन्नी लावून जवळपास 50 मीटर उंचीचा सरळसोट कडा तयार केला गेला. सह्याद्रीतल्या किल्ल्यांना निसर्गाने कडे दिले, देवगिरीला ते माणसाने तासून दिले. हे काम किती पिढ्यांनी, किती हातांनी केलं असेल याचा विचार करत त्या कड्याखाली थांबावं. मला तरी तिथून लवकर हलवत नाही.

कड्याच्या पायथ्याशी कातळातच खोदलेला खंदक आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी त्याची रुंदी 40 गज आणि खोली 30 गज सांगतो. कडा इतका गुळगुळीत तासलेला आहे की साप किंवा मुंगीलाही चढणं जड जाईल, असंही तो म्हणतो. खंदक ओलांडायला एक अरुंद पूल आणि पुलानंतर अंधारी. डोंगराच्या पोटातून वळणावळणाने वर जाणारा हा जिना भरदिवसा दिव्याशिवाय चढता येत नाही. वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडीची सोय होती. वेळ आली की ती वाटेत ठेवून पेटवायची. त्या धगीत आणि धुरात कुणी पुढे सरकणं शक्यच नव्हतं. लाहोरी जिंकणाऱ्याच्या बाजूचा लेखक. तरीही सुरुंग, मोर्चे असे नेहमीचे उपाय या किल्ल्यापुढे चालत नाहीत, असं तो मोकळेपणाने लिहितो.

कातळाभोवती तटबंदीचे फेर आहेत. सगळ्यात बाहेर मलिक अंबरच्या नावाने ओळखला जाणारा अंबरकोट, आत महाकोट, त्याच्याही आत कालाकोट. दरवाजे एका रेषेत नाहीत. एक ओलांडला की बंदिस्त चौक लागतो, तिथून वळण, मग पुढचा दरवाजा. दारांवर हत्तीच्या धडकेसाठी अणकुचीदार खिळे. पाण्याचीही ददात नव्हती. खाली हत्ती हौद आहे, इतका मोठा की कोरडा पडल्यावर त्याच्या तळाशी उभं राहिलं तर मैदानात उभं असल्यासारखं वाटतं. वर खडकात खोदलेली टाकी आहेत.

म्हणजे शत्रूला अडवायची व्यवस्था चोख आणि पाण्याचीही चोख. राहिलं ते धान्य. ते कातळात खोदून काढता येत नाही. ते शिवारात पिकतं आणि शिवार तटाच्या बाहेर असतं.

पहिला धडा, 1296

1296च्या सुरुवातीला उत्तरेतल्या कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी आपल्या चुलत्याला, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला, न सांगता काही हजार स्वार घेऊन विंध्य-सातपुडा ओलांडून आला आणि अचलपूरमार्गे थेट देवगिरीसमोर ठाकला. यादवांची मुख्य फौज तेव्हा युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामचंद्रदेव किल्ल्यात शिरला. अलाउद्दीनने गाव लुटलं आणि मागून दिल्लीचे 20,000 स्वार येत आहेत अशी हूल उठवून दिली.

पुढची गोष्ट मराठी घरात जवळजवळ सगळ्यांना ठाऊक असते. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती घाईघाईत किल्ल्यात ओढून घेतली होती. धान्य आहे असं समजून ती ठेवली आणि उघडली तेव्हा मीठ निघालं. ही कथा इतिहासकार फरिश्ता सांगतो आणि त्याने ती घटनेनंतर 300 वर्षांनी लिहिली आहे. त्यामुळे ती अक्षरशः खरी मानायला माझं मन धजत नाही. मिठाचं पोतं ज्याने एकदा पाठीवर घेतलंय त्याला ते ज्वारीच्या पोत्यापेक्षा जड लागतं हे कळतंच, हमालांना तर हमखास कळलं असतं. पण कथेच्या गाभ्यात जे आहे ते मला पटतं. कोकणचं मीठ बैलांवर लादून घाट चढून देशावर येत होतं आणि राजधानीच्या वेशीबाहेर त्याचे तांडे उतरत होते. यादवांची राजधानी भरभराटीची होती. तिथे रोजचं धान्य रोजच्या बाजारातून येई. वेढ्यासाठी वेगळं कोठार भरून ठेवायची सवय त्या भरभराटीत राहिली नसावी.

शंकरदेव परतला, बापाचा निरोप धुडकावून लढला आणि जिंकायच्या बेतात होता. तेवढ्यात किल्ल्यावर नजर ठेवायला मागे ठेवलेली हजारभर स्वारांची तुकडी धूळ उडवत आली. हीच ती दिल्लीची फौज असं समजून यादव सैन्य उधळलं. किल्ल्यात अन्न नाही हे उघड झाल्यावर रामचंद्रदेवाला तह करावा लागला. सोनं, मोती, रत्नं, रेशीम असं किती गेलं याचे आकडे इतिहासकार मणांत देतात. त्या धनाच्या जोरावर अलाउद्दीनने त्याच वर्षी चुलत्याचा खून करून दिल्लीचं तख्त घेतलं. सहा वर्षांपूर्वी, 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा तिच्या अखेरीस याच रामचंद्राच्या न्यायी राज्याचा उल्लेख झाला होता. मधे फक्त सहा वर्षं गेली, हे मनातून जात नाही.

उलटंही एकदा घडलं, तेही नोंदवायला हवं. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीचं दौलताबाद करून राजधानी इथे आणली आणि वीस वर्षांनी इथल्याच अमिरांनी त्याच्याविरुद्ध बंड केलं. सुलतान स्वतः चालून आला. मैदानात बंडखोर हरले, पण त्यांचा नेता इस्माइल मुख बालेकिल्ल्यात जाऊन बसला. तेवढ्यात गुजरातेत तघीचं बंड पेटलं आणि सुलतानाला वेढा सरदारांवर सोडून निघावं लागलं. हसन गंगूने त्या सरदारांना हरवलं आणि 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. वेढा घालणाऱ्याकडचा वेळ आतल्या धान्याच्या आधी संपला, म्हणून किल्ला टिकला. दोन्ही प्रकरणांत कातळ तोच, खंदकाचं काम तेच. फरक पडला तो कुणाचा साठा आधी संपला यात.

शेत हाच मोर्चा

हे सगळ्यात स्वच्छ ओळखलं ते अहमद निजामशहाने. बहमनी राज्य मोडत असताना त्याला दौलताबाद हवा होता. सरळ वेढा घालून तो मिळेना. मग त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मधोमध, भिंगारजवळ, आपलं ठाणं वसवलं. तेच पुढे अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे हेतू उघड होता: दर वर्षी सुगीच्या वेळी फौज पाठवायची आणि दौलताबादच्या भोवतालची उभी पिकं उजाड करायची. तटावर एकही तोफ न डागता आतलं कोठार दर सालाला थोडं थोडं रिकामं करायचं.

अनेक वर्षं हे चाललं. किल्लेदार मलिक अश्रफने गुजरातच्या सुलतानाची मदत मागितली, त्यावरून किल्ल्यातली शिबंदीच त्याच्यावर नाराज झाली, आणि तो आजारी पडून मेल्यावर शिबंदीने 1499च्या सुमारास किल्ल्या अहमद निजामशहाला दिल्या. एक अख्खं शहर एका किल्ल्याची सुगी मारण्याच्या सोयीने वसलं, ही गोष्ट शाळेत आम्हाला कुणी सांगितली नाही. शिकवलं ते एवढंच की अहमदनगर अहमदशहाने वसवलं.

नंतरच्या निजामशाही काळात या किल्ल्याच्या हिशेबाची एक आठवण वारकरी परंपरेने जपली आहे. जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते आणि पैठणचा एकनाथ त्यांच्या हाताखाली हिशेब पाहत असे. एका पैची चूक सापडेना म्हणून तो रात्रभर वह्या धुंडाळत बसला आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने ओरडला, ती ही कथा. कीर्तनात तिचा रोख एकाग्रतेकडे असतो आणि ते बरोबरच आहे. पण मला ती ऐकताना हेही दिसतं की या किल्ल्याचं खरं कामकाज वह्यांत चालत होतं. किती खंडी आली, किती गेली, किती उरली. डोंगराच्या वरच्या अंगाला आजही जनार्दनस्वामींचं स्थान आहे. तिथे बसून खालची शेतं पाहिली की वही आणि किल्ला यांचं नातं आपोआप समजतं.

1633: आधीची दोन-तीन वर्षं

मलिक अंबर 1626 मध्ये वारला आणि निजामशाहीचा कणा गेला. जुलै 1629 मध्ये दौलताबादेत, भर दरबारात, लखुजी जाधवराव आणि त्यांच्या मुलांचा खून झाला. जिजाबाईंचे वडील आणि भाऊ. त्यानंतर शहाजीराजे निजामशाही सोडून काही काळ मोगलांकडे गेले. पाठोपाठ 1630 ते 1632चा भीषण दुष्काळ आला. गुजरात आणि दख्खन होरपळले, गावंच्या गावं ओस पडली, गुरं मेली.

याच दुष्काळात फतहखानाने मुर्तजा निजामशहाला कैदेत टाकून मारलं, दहा वर्षांच्या हुसेनला गादीवर बसवलं आणि मोगलांचं मांडलिकत्व कबूल केलं. त्याच्या बदल्यात शाहजहानने पूर्वी शहाजीराजांना दिलेला काही मुलूख काढून फतहखानाला परत दिला. शहाजीराजे दुखावले, मोगलांना सोडून विजापूरला मिळाले. आदिलशाहीने रणदुल्लाखान, मुरार जगदेव आणि शहाजीराजे यांना दौलताबाद घ्यायला पाठवलं. घाबरलेल्या फतहखानाने बऱ्हाणपूरला महाबतखानाकडे मदत मागितली. महाबतखानाने मुलाला, खानजमानला, पुढे धाडलं.

इथे फतहखानाने बाजू बदलली. विजापूरकरांनी त्याला काय देऊ केलं ते बघा: किल्ला तुझ्याकडेच राहील, 3 लाख होन रोख देऊ आणि आत धान्य पोचवू. त्या वेळी किल्ल्यात अन्नाची टंचाई होती आणि चाऱ्यावाचून बहुतेक जनावरं मेली होती. फतहखान लहरी आणि अविश्वासू होता हे खरंच. त्याचा हा निर्णय मूर्खपणाचा म्हणून बहुतेक ठिकाणी निकालात काढलेला दिसतो. मला मात्र तो अगतिकतेचा वाटतो. ज्याचं कोठार दुष्काळाने आधीच खाल्लंय, त्याला धान्य देणारा सोयरा वाटतो. अर्थात दिल्लीला दिलेला शब्द मोडून नुसत्या आश्वासनाच्या धान्यावर वेढा ओढवून घेणं ही चूक होतीच. धान्य आधी आत घ्यायला हवं होतं, उत्तर नंतर द्यायला हवं होतं.

वेढा

मार्च 1633च्या सुरुवातीला महाबतखान स्वतः येऊन ठेपला. मोर्चे वाटून दिले, खानजमानला 5000 स्वारांसह जिथे गरज पडेल तिथे धावायला मोकळं ठेवलं. बाहेर आदिलशाही फौज घिरट्या घालत होती. म्हणजे आत फतहखान, त्याच्याभोवती मोगल आणि मोगलांच्या पाठीवर शहाजीराजे, रणदुल्लाखान आणि मागून आलेला मुरार जगदेव. दोन्ही फेऱ्यांत झुंज एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे रसद. जफरनगरकडून मोगल छावणीला येणाऱ्या धान्याच्या तांड्यांवर दख्खनी फौजा तुटून पडत. दख्खनी फौजा किल्ल्यात धान्य ढकलायला बघत, तेव्हा खानजमान त्यांना आडवा जाई. मोगल छावणीतही काही दिवस महागाई आणि उपासमार झाली.

इथे थोडं गणित करतो, कारण आकड्यांशिवाय हे नीट कळत नाही. हिशेब माझा आहे, नुसत्या अंदाजासाठी. समजा आत 4000 माणसं आहेत आणि माणशी रोज 700 ग्रॅम धान्य लागतं. रोजचे 2.8 टन झाले. साडेतीन महिने म्हणजे 105 दिवस धरले तर 294 टन. एका बैलाच्या पाठीवर 100 किलो धरलं तर जवळपास 2900 बैल. यात घोडे नाहीत. 500 घोडे आणि रोज प्रत्येकी अडीच किलो चंदी धरली तर रोज आणखी सव्वा टन लागतं. एवढे बैल वेढ्याच्या फळीतून आत घालायचे. रात्रीच्या अंधारात चोरवाटेने 20-30 पोती सरकवून हे भागत नाही. म्हणजे धान्य वेढ्याआधी आत असायला हवं, आणि त्याआधीची सलग दोन वर्षं दुष्काळाची होती.

याच वेढ्यातली एक घटना मला विशेष वाटते. याकूतखान हबशी हा जुना निजामशाही सरदार तेव्हा मोगलांच्या चाकरीत होता. आपल्या जुन्या धन्याचं घर बुडू नये म्हणून तो छावणीतल्या स्वतःच्या बाजारातून गुपचूप किल्ल्यात धान्य पाठवू लागला. ते उघडकीला आलं, तो पळून आदिलशाही फौजेत गेला आणि पुढे लढाईत मारला गेला. तलवार मोगलांना विकली होती, पण भाकरी जुन्या घरी पाठवत राहिला. लाहोरीच्या लेखी तो फितूर. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणात ज्याला किल्ल्याची दुखरी जागा कळली होती, असा तो एकटाच माणूस.

एप्रिलमध्ये अंबरकोट पडला. सुरुंगात 70 मण दारू भरली होती. तटाचा 28 गज आणि बुरुजाचा 12 गज भाग उडाला. आतल्यांनी भगदाडात लाकडी फळ्या उभ्या करून बाण आणि बंदुकांचा मारा केला, तरी मोगल सरदार नसीरी खानाची तुकडी आत घुसली. फतहखान महाकोटात सरकला आणि बायकामुलं कालाकोटात हलवली गेली.

अंबरकोटाबरोबर गेलं ते फक्त दगडी काम नव्हतं. बाहेरच्या कोटात मोकळी जागा असते, विहिरी असतात, गुरं बांधायला आणि चरायला जागा असते. बाहेरचा फेर गेला की आतली माणसं तेवढीच राहतात, जागा आणि साठा मात्र आक्रसतो. शिवाय विजापूरहून मदतीला आत आलेली खैरियतखानाची माणसंही खाणारी तोंडंच होती. हळूहळू आत मेलेल्या जनावरांची कातडी उकडून खायची वेळ आली. विजापूरकरांपैकी काही जण रात्री तटावरून दोर सोडून निघून गेले.

महाकोटाखालचा सुरुंग तयार झाल्यावर फतहखानाने वकील पाठवला. मी विजापूरकरांना शपथेने बांधलेला आहे, मुरार जगदेवांशी बोलणं होईपर्यंत सुरुंग उडवू नका. महाबतखानाने त्याला ओळखलं होतं. एक दिवस हवा असेल तर मुलाला ओलीस पाठव, असं तो म्हणाला. मुलगा आला नाही. बत्ती दिली, एक बुरूज आणि 15 गज तट उडाला.

आता राहिला कालाकोट आणि त्यामागचा कातळ. 50 मीटरचा तासलेला कडा, खंदक, अंधारी, शेगडी. जे वाटाडे सांगतात ते सगळं इथून पुढे सुरू होतं. इथे सुरुंग लावायला मातीच नाही, सगळा अखंड दगड. शंभर माणसं धान्यानिशी इथे बसली असती तर पावसाळा काढता आला असता. जून लागला होता. पावसात मोगलांच्या छावणीचे, तोफांचे, तांड्यांचे काय हाल झाले असते ते दख्खनच्या काळ्या मातीत चिखल तुडवलेल्या कुणालाही विचारा.

फतहखानाने थोरल्या मुलाला, अब्दुल रसूलला, ओलीस पाठवलं. माफी मागितली आणि आपला व निजामशहाचा कबिला हलवायला आठवड्याची मुदत मागितली. वाहतुकीला जनावरं आणि खर्चाला पैसेही मागितले. महाबतखानाने आपले हत्ती, उंट, पालख्या आणि सरकारी खजिन्यातले साडेदहा लाख रुपये पाठवले. ही रक्कम पाहून मी थबकलो होतो. हरलेल्या किल्लेदाराला इतका पैसा का द्यायचा? महाबतखान पन्नाशी उलटलेला, अनुभवी सेनानी होता. त्या कातळावर चढून जाणं किती महाग पडेल हे त्याला ठाऊक होतं. साडेदहा लाख ही त्या न चढलेल्या कड्याची किंमत होती. यादवांच्या पाथरवटांच्या कामाची याहून मोठी पावती शोधून सापडणार नाही.

लहानगा हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या एका मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवून निजामशाही आणखी तीन वर्षं जगवली.

कुठे काय चुकलं

सुरुंगांमुळे किल्ला पडला असं म्हणता येईल का, हा प्रश्न प्रामाणिकपणे तपासायला हवा. अंबरकोट आणि महाकोट दारूने पडले, यात शंका नाही. 13व्या शतकातला कातळ आणि 17व्या शतकातली दारू यांची गाठ पडली तेव्हा सपाटीवरचे तट टिकले नाहीत. पण बालेकिल्ल्यावर दारूचा उपयोग होण्याआधीच शरणागती झाली. फतहखानाचा स्वभाव, दरबारातले खून, ज्याच्यासाठी लढायचं तो राजाच दहा वर्षांचा, हे सगळं धैर्य खचवणारं होतं. तरी भरल्या कोठारावर बसलेला भित्रा किल्लेदारसुद्धा पावसाची वाट पाहत पडून राहिला असता.

पुढे शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत. शिवाय दाणागोटा आणि सामान यांच्यासाठी वेगळा कारखानीस असे. एकट्या हवालदाराला किल्ला चालवता येत नसे. शहाजीराजांनी दौलताबादचा वेढा बाहेरून, धान्य आत घालायची धडपड करत, पाहिला होता. मुलाच्या व्यवस्थेत ती आठवण किती उतरली हे सिद्ध करता येणार नाही. पण पन्हाळ्याच्या अंबारखान्यातल्या 25,000 खंडी धान्य मावणाऱ्या गंगा कोठीत उभं राहिलं की मला दौलताबादच आठवतो. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याने मार्चपासून पुढे कित्येक महिने झेलला.

दौलताबादची कोठारं मात्र कुणी बघत नाही. अंधारीत शिरायला रांग लागते, मेंढा तोफेपाशी फोटो निघतात, चांदमिनारापाशी गर्दी असते. धान्य कुठे ठेवत असतील असा प्रश्न विचारल्यावर वाटाड्या क्षणभर गोंधळतो, हे मी दोनदा पाहिलंय. यात त्याची चूक नाही, त्याला तो प्रश्न कुणी विचारतच नाही. पुरातत्त्व खात्याच्या माहितीफलकांवर खंदकाइतकीच जागा या गोष्टीला मिळावी, अशी माझी मनापासून मागणी आहे.

या प्रकरणाला एक शेपूट आहे आणि ते मला वेढ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. किल्ला घेतल्यावर महाबतखान बऱ्हाणपूरकडे निघाला आणि दौलताबाद नसीरी खानाकडे दिला. त्याला पुढे खानदौरान किताब मिळाला. महाबतखानाची पाठ फिरताच मुरार जगदेव आणि आदिलशाही फौज पुन्हा किल्ल्याला भिडली. त्यांचा अंदाज सरळ होता: साडेतीन महिन्यांच्या वेढ्यानंतर आत काय उरलं असणार, काही दिवसांत किल्ल्या पुन्हा बाहेर येतील. तसं झालं नाही. खानदौरानने भोवतालच्या गावांतल्या रयतेला सांभाळून घेतलं होतं आणि त्या लोकांनी त्याला धान्य पुरवलं. तो बाहेर पडून हल्ले चढवत राहिला. महाबतखान परत येतोय असं कळल्यावर वेढा घालणारे नाशिक-त्र्यंबकच्या दिशेने निघून गेले. फुटलेले दोन कोट अजून फुटलेलेच असतील, पण खालच्या वाड्या-वस्त्यांतून धान्याची पोती किल्ल्यात येत होती.